अंकुशनगरचा तेलपारखी

मोटारसायकलच्या इंजिनात कोणते तेल घालावे, या प्रश्नाचे उत्तर गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत एका ओळीत छापलेले असते. परंतु ती पुस्तिका आरसी बुक, विम्याचा कागद आणि फुकटच्या सर्व्हिसिंगचे न वापरलेले कुपन यांच्यासह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरातल्या लोखंडी कपाटात इतक्या निगुतीने ठेवली जाते की गाडी विकली जाईपर्यंत ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ही एक ओळ आणि ती न वाचणारा समाज यांच्यामध्ये जी रिकामी जागा उरते, ती भरून काढण्यासाठी ग्रामीण महाराष्ट्राने एक स्वतंत्र पुरुषजात निर्माण केली आहे, आणि प्रस्तुत विवेचनापुरते तिला तेलपारखी असे म्हणता येईल. हा पुरुष राज्यात सर्वत्र आढळत असला तरी त्याचा सर्वांत विकसित नमुना साखर कारखान्याच्या परिसरातच पाहायला मिळतो, आणि त्यामागे काही ठोस औद्योगिक कारणे आहेत.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात, महाकाळ्याच्या शिवारात, कर्मवीर अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले अंकुशनगर हे या अभ्यासासाठी सोयीचे ठिकाण आहे. एका बाजूला शहागडजवळून वाहणारी गोदावरी, दुसऱ्या बाजूला जायकवाडीचा डावा कालवा, वडीगोद्रीवरून जाणारा धुळे–सोलापूर महामार्ग आणि या सर्वांना जोडणारे, काळ्या मातीत बसलेले शेतरस्ते, अशा भूगोलात दुचाकी हे वाहन राहत नाही, ती घरातील एक कर्ता सदस्य होते. तिच्यावरून दुधाचे कॅन जातात, युरियाच्या गोण्या जातात, दुरुस्तीला निघालेली पाणबुडी मोटार जाते, लग्नाला निघालेले तिघेजण आणि त्यांच्या मांडीवरचे एक मूल जाते. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला तरी जाते, आणि गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फुफाटा खात तासभर रांगते. इतके सोसणाऱ्या यंत्राच्या पोटात काय घालावे हा प्रश्न साहजिकच गंभीर होतो, आणि गंभीर प्रश्न छापील ओळीवर सोडवण्याची मराठी माणसाला सवय नाही. त्याला त्यासाठी जबाबदार धरता येईल असा माणूस लागतो.

हा तेलपारखी गॅरेजचा मालक नसतो, मिस्तरी नसतो आणि तेलाचा विक्रेताही नसतो, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. त्याचे अधिकृत स्थान म्हणजे गॅरेजच्या पत्र्याखाली पालथी घातलेली वीस लिटरची रिकामी तेलाची बादली, जिच्यावर दुसऱ्या कोणी बसल्यास मिस्तरीच त्याला उठवतो. वय साधारण साठीच्या आसपास, खिशात चष्मा आणि प्लगचा पाना, खांद्यावर पंचा. आणि सर्वांनी त्याला 'मामा' म्हणावे असा संकेत असल्यामुळे सर्व गिऱ्हाईके आपोआप त्याची भाचरे ठरतात. मिस्तरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे असतात, तर मामांचा केवळ अंगठा आणि तर्जनी. एवढ्या फरकावरून नवख्यालाही श्रमिक कोण आणि विद्वान कोण हे ओळखता येते. मिस्तरी त्यांना सहन करतो, एवढेच नव्हे तर चहाही पाजतो, कारण बिलाबद्दल कुरकुर करणारे गिऱ्हाईक मामांनी मान डोलावल्यावर मुकाट्याने पैसे काढते.

मामांच्या विद्येचा उगम कारखान्याच्या मिलमध्ये आहे. साखर कारखान्यात 'ऑइलमन' नावाचे एक रीतसर पद असते. यंत्रांच्या बेअरिंगांना आणि दातेरी चाकांना वेळच्या वेळी वंगण पोहोचवणे हे त्याचे काम. ऊस ज्या लोखंडी रुळांमधून पिळला जातो ते रूळ प्रचंड वजनाखाली, परंतु अत्यंत सावकाश, मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे या गतीने फिरतात, आणि त्यांना फिरवणाऱ्या उघड्या दातेरी चाकांवर डांबराच्या जातीचे, चिकटून राहणारे, काळे, दाट वंगण घालावे लागते. यामागचे तत्त्व साधे आहे: दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहिला पाहिजे, आणि गती जितकी कमी व भार जितका जास्त, तितके तो थर टिकवण्यासाठी तेल दाट लागते. गती वाढली की हेच गणित उलटते. त्याच कारखान्यात वाफेवर चालणारे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि त्याला मिलच्या वंगणाच्या तुलनेत पाण्यासारखेच म्हणावे असे पातळ तेल लागते. मामांची उमेदवारी टर्बाइनकडे झाली असती तर अंकुशनगरातील दुचाक्यांचा इतिहास वेगळा झाला असता. पण ती मिलकडे झाली, आणि तेल म्हणजे जे बोटावरून खाली यायला कंटाळा करते ते, ही धारणा तेथेच पक्की झाली. स्प्लेंडरचे इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला ८,००० फेऱ्यांना देते ही बाब मामांना कोणी सांगितली नाही असे नाही. ती त्यांनी 'एवढीशी तर गाडी' या शेऱ्यासह फेटाळून लावली आहे.

या पायावर दुसरा थर चढला तो दोन-स्ट्रोक गाड्यांच्या काळात. १९७२ मध्ये आलेली कायनेटिकची लुना, राजदूत, बजाजची चेतक आणि पुढे दूधवाल्यांनी अमर केलेली एम-८० या सर्व गाड्यांच्या इंजिनात तेलाचा साठा नसे; पिस्टनच्या खालची पोकळीच हवा आणि पेट्रोल ओढून घेण्यासाठी वापरली जात असल्यामुळे तेथे तेल साठवणे शक्य नव्हते, म्हणून शेकडा दोन ते चार या प्रमाणात तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळावे लागे आणि ते पेट्रोलबरोबर जळून, मागून निळ्या धुराच्या रूपाने, समाजाला परत केले जाई. या तेलाला आजही पंपावर 'टूटी' म्हणतात. गिअरबॉक्सचे तेल मात्र वेगळे असे, वेगळ्या भोकातून घातले जाई आणि वर्षानुवर्षे बदलले जात नसे. इंजिनाचे तेल एक आणि गिअरचे तेल दुसरे, या द्वैतावर मामांची सारी मांडणी उभी आहे आणि त्या काळापुरती ती बिनचूक होती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. टूटी कमी पडली की पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटतो, हे मामांनी भर रस्त्यात चिकटलेल्या अनेक पिस्टनांवरून शिकले असल्यामुळे तेल कमी असण्याविषयीचा एक पवित्र धाकही त्यांच्या मनात तेव्हापासून आहे.

मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१०० आली आणि सर्व गोंधळ तेथून सुरू झाला. ही चार-स्ट्रोक गाडी होती. तिच्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळायचे नव्हते, ते इंजिनाच्या तळाशी साठून राहणार होते आणि तेच एक तेल पिस्टन, क्लच आणि गिअर या तिघांनाही पुरायचे होते. कंपनीने जाहिरातीत असा मंत्र दिला की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मंत्र पेट्रोलविषयी होता. मराठवाड्याने तो इंजिन ऑइललाही लावला. टूटीच्या जाचातून सुटलेल्या माणसाला तेल हा विषय कायमचा संपला असे वाटणे स्वाभाविक होते, आणि त्याच आनंदात अनेक गाड्या पहिल्या तेलावर इतक्या धावल्या की शेवटी खालचा नट खोलल्यावर जे बाहेर आले त्याला द्रव म्हणावे की घन याबद्दल मिस्तरींमध्ये एकमत झाले नाही. समाजाला तेलपारख्याची गरज आहे हे तेव्हा प्रथम लक्षात आले.

तेलपारख्याचा मुख्य सिद्धान्त एका वाक्यात सांगता येतो: तेल जाड पाहिजे. या सिद्धान्ताचे खंडन करण्यापूर्वी डब्यावरील आकड्यांचा अर्थ पाहणे आवश्यक आहे, कारण मामा हे आकडे वाचतात, फक्त आपल्या पद्धतीने वाचतात. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० अशी जी खूण डब्यावर असते ती अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेच्या मोजपट्टीवरची आहे. द्रवाच्या वाहण्याला आतूनच जो विरोध होतो त्याला शास्त्रात श्यानता म्हणतात आणि बोलीत दाटपणा. तेल थंड असताना घट्ट होते आणि तापले की पातळ होते, म्हणून दोन्ही अवस्थांसाठी दोन आकडे द्यावे लागतात. मागचा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते हे सांगतो: ३० आकड्याचे तेल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० आकड्याचे १२.५ ते १६.३ आणि ५० आकड्याचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक इतके दाट असते. तुलनेसाठी, साधे पाणी खोलीच्या तापमानाला सुमारे एक सेंटिस्टोक भरते. पुढचा आकडा आणि त्याला चिकटलेले 'डब्ल्यू' हे अक्षर कडाक्याच्या हिवाळ्याचे आहे. १०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २५ अंशांना होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना.

मामांच्या मते डब्ल्यू म्हणजे वजन. त्यामुळे १०डब्ल्यू-३० हे दहा वजनाचे आणि २०डब्ल्यू-५० हे वीस वजनाचे तेल ठरते, आणि एकाच पैशात दुप्पट वजन मिळत असेल तर दहा वजनाचे घेणारा माणूस हिशेबात कच्चा समजावा, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. हिवाळ्याचा अर्थ त्यांना समजावून सांगणाऱ्या एका पॉलिटेक्निकच्या पिढीला त्यांनी एवढेच विचारले की अंबड तालुक्यात उणे पंधरा अंश कधी पडले होते, आणि हा प्रश्न बिनतोड आहे. अर्थात पहाटे दहा-बारा अंशांतही पातळ डब्ल्यूचे तेल इंजिनाच्या माथ्यापर्यंत लवकर पोहोचते, आणि किक मारल्यानंतरच्या त्या पहिल्या काही क्षणांतच धातूची झीज अधिक होते, ही गोष्ट खरी. पण किक मारताच हँडलला अडकवलेली पिशवी सावरत निघून जाणाऱ्या भाच्यापुढे ती मांडायला वेळ कोणाला आहे?

हीरोच्या शंभर सीसी गाड्यांना कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, बजाजच्या कित्येक गाड्यांना २०डब्ल्यू-५०, आणि अलीकडच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. यात कोणाचे तेल श्रेष्ठ असा प्रश्नच नसतो, कारण इंजिन बनवताना बेअरिंगमध्ये किती फट ठेवायची, तेलाचा पंप किती ताकदीचा द्यायचा आणि तेलाच्या वाटा किती अरुंद करायच्या हे एका ठरावीक दाटपणाला धरून ठरवलेले असते. जाडपंथाला मात्र या फटींशी कर्तव्य नाही. तो स्प्लेंडरमध्ये २०डब्ल्यू-५० घालतो, आणि इथे निसर्ग त्याच्या बाजूने खोटी साक्ष देतो: दाट तेलामुळे टॅपेटची टिकटिक दबते, गाडीचा आवाज भारदस्त होतो, आणि गिऱ्हाईक जिथे ऐकायचे तिथे कान लावून म्हणते, "मामा, गाडी लई गार झाली हो." पुढे दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक अ‍ॅव्हरेज कमी झाल्याची तक्रार घेऊन येते तेव्हा मामा पेट्रोलमधील भेसळीवर बोलतात, आणि त्या विषयावर संपूर्ण पंचक्रोशीचे एकमत असल्यामुळे वाद तिथेच मिटतो.

गिअरच्या तेलाबाबत तर मामांचा आकड्यांवरील विश्वास अधिकच करुण आहे. ट्रॅक्टरच्या आणि जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये पडणाऱ्या तेलावर ९० हा आकडा असतो. तो पन्नासाच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे हे तेल तितकेच जाड असणार आणि गिअर कुरकुरणाऱ्या मोटारसायकलला त्याचे दोन घोट पाजल्यास तिची तब्येत सुधारणार, असे त्यांचे निदान असते. वास्तविक एसएईने इंजिनाच्या तेलासाठी एक मोजपट्टी केली आणि गिअरच्या तेलासाठी दुसरी, आणि दोन्ही तेलांची एकमेकांत गफलत होऊ नये म्हणूनच दुसरीवरचे आकडे मोठे ठेवले. ९० आकड्याचे गिअर ऑइल १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक इतकेच दाट असते, म्हणजे इंजिनाच्या ४० किंवा ५० आकड्याच्या तेलाचाच तो सख्खा भाऊ. गफलत टाळण्यासाठी केलेल्या योजनेने इतक्या खात्रीची गफलत घडवावी हे मोजमापशास्त्राचे दुर्दैव म्हणावे लागेल. शिवाय गिअर ऑइलमध्ये दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची संयुगे घातलेली असतात, आणि ती चार-स्ट्रोक मोटारसायकलच्या पोटात, जिथे तेच तेल पिस्टनलाही पुरवायचे असते, पाहुणी म्हणून योग्य नव्हेत.

मोटारसायकलचे तेल निवडताना खरी अडचण दाटपणाची नसून क्लचची असते, आणि याच मुद्द्यावर जाडपंथ अनपेक्षितपणे शास्त्राच्या जवळ येतो. मोटारगाडीचा क्लच कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या आणि पोलादाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात, आणि क्लच सोडला की त्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींना घट्ट धरतात. म्हणजे ज्या तेलाने पिस्टनला निसटू द्यायचे त्याच तेलाने क्लचच्या चकत्यांना निसटू द्यायचे नाही, अशी ही परस्परविरोधी अपेक्षा आहे. मोटारगाड्यांसाठी इंधन वाचवणारी पातळ तेले बाजारात आली, त्यांत घर्षण कमी करणारी रसायने पडली, आणि ती मोटारसायकलीत घालताच क्लच घसरू लागला: इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. यावर जपानी वाहन उद्योगाच्या 'जासो' या मानक संस्थेने १९९८ मध्ये मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळे मानक काढले. क्लचच्या चकत्यांवर तेलाची प्रत्यक्ष चाचणी घेऊन, ज्यात घर्षण पुरेसे टिकते त्या तेलाला 'एमए' आणि ज्यात ते कमी होते त्याला 'एमबी' अशी खूण देण्यात आली. पुढे एमएचेही एमए-१ आणि एमए-२ असे दोन भाग झाले. पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरला, जिचा क्लच कोरडा असतो, एमबी चालते. गिअरच्या गाडीला एमए हवे. डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत छापलेली ही दोन अक्षरे पुढच्या बाजूला छापलेल्या शर्यतीच्या गाडीपेक्षा अधिक महत्त्वाची आहेत. मामा ती वाचत नाहीत, कारण चष्मा खिशात असतो.

तरीही मामांच्या हातून क्लच फारसे घसरत नाहीत, आणि याचे श्रेय ट्रॅक्टरला द्यावे लागते. ऊसतोडीच्या काळात प्रत्येक बागायतदाराच्या ओट्यावर १५डब्ल्यू-४० या डिझेल इंजिनाच्या तेलाची मोठी बादली असते, आणि 'घरचंच हाय' या एकमेव निकषावर तिच्यातले लिटरभर तेल मोटारसायकलीत जाते. पुस्तकी माणूस हे ऐकून कपाळाला हात लावतो. पण डिझेलच्या या जड कामाच्या तेलात घर्षण कमी करणारी ती इंधनबचतीची रसायने सहसा नसतात, काजळी धरून ठेवणारी आणि झीज रोखणारी भरपूर असतात, आणि त्यातल्या काही डब्यांवर तर एमए ही खूणही सापडते. त्यामुळे हा अधर्म पुष्कळदा निर्वेध पार पडतो आणि पुस्तकी माणसाची प्रतिष्ठा तेवढी कमी होते. जे महाग, पातळ, 'इंधन वाचवणारे' म्हणून मोटारगाडीसाठी विकले जाते ते तेल मात्र मामा आपल्या अंगभूत पूर्वग्रहामुळेच नाकारतात, आणि क्लच वाचतो. चुकीच्या कारणासाठी बरोबर निर्णय घेण्याची ही कला सहकारी चळवळीच्या परिसरात वाढलेल्या माणसाला अवघड जात नाही.

या सत्तेला अलीकडे आव्हान मिळाले आहे ते सिंथेटिकवाद्याकडून. हा पंचविशीचा तरुण असतो, पुण्यात किंवा संभाजीनगरला वाळूजच्या एखाद्या कंपनीत दोन वर्षे काढून परतलेला, आणि त्याची पल्सर त्याच्यापेक्षा स्वच्छ असते. जमिनीतून निघालेल्या खनिज तेलातील रेणू लहानमोठे, वेडेवाकडे असतात. सिंथेटिक तेलात ते कारखान्यात घडवलेले किंवा कडक प्रक्रियेने एकसारखे केलेले असतात, त्यामुळे असे तेल उष्णतेत लवकर कुजत नाही आणि थंडीत लवकर गोठत नाही, हे तो मोबाईलवर आकृत्या दाखवून सांगतो, आणि ते खरेही आहे. फक्त हे सांगताना तो ज्या डब्याची शिफारस करतो त्याची किंमत ऐकून समोरचा भाऊ गाडीचीच किंमत आठवू लागतो. दोघांमधील वादाची पद्धत ठरलेली आहे. तरुण म्हणतो, "मामा, तुमचं तेल दोन हजारात पाणी होतंय." मामा म्हणतात, "आरं भाच्या, तुझं तर डब्यातच पाणी हाय." इथे तरुणाच्या विधानात अधिक तथ्य असते, कारण मोटारसायकलच्या गिअरचे दाते तेलाला दाटपणा देणाऱ्या लांबलचक रेणूंना अक्षरशः चिरडून तोडतात आणि म्हणून हे तेल मोटारगाडीच्या तेलापेक्षा लवकर आपला दाटपणा गमावते, परंतु चहाच्या टपरीवर टाळी मामांच्या वाक्याला पडते.

मामांच्या परीक्षाविधीचे वर्णन केल्याशिवाय हे चित्र अपुरे राहील. गाडी आली की ते प्रथम इंजिनाजवळ वाकत नाहीत; इंजिनच जणू त्यांच्याकडे येईल अशा बेताने थोडे थांबतात. मग मिस्तरी तेलाची काडी काढून देतो. मामा काडीचे टोक अंगठा आणि तर्जनीत धरतात, दोन्ही बोटे हळूहळू घासतात, फाकवतात, मध्ये ताणल्या गेलेल्या तेलाच्या तारेकडे कारखान्यात पाकाची तार पाहणाऱ्या पॅनमनच्या तन्मयतेने पाहतात, नाकाशी नेतात, आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. या शांततेत गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते फक्त सरकारी दवाखान्यात एक्स-रे उजेडाकडे धरला जातो तेव्हा पाहायला मिळतात. शेवटी निकाल येतो: "जळलंय." वस्तुतः तेल काळे पडणे हा दोष नसून पुष्कळदा गुण असतो, कारण तेलातील सफाईद्रव्ये ज्वलनातून आलेली काजळी सुटी करून स्वतःत तरंगत ठेवतात, आणि तेल तिला असे सामावून घेत असेल तर ते काळे होणारच, जे तेल हजारो किलोमीटरनंतरही मधासारखे दिसते त्याने काम केले की नाही याचीच शंका घ्यावी. स्प्लेंडरच्या वंशातील गाड्यांत तर कागदी फिल्टरही नसतो. एक जाळी आणि फिरत्या चकतीच्या केंद्रोत्सारी बळाने कचरा कडेला फेकणारी एक वाटी एवढ्यावरच भागवलेले असते, त्यामुळे बारीक काजळी तेलातच राहते आणि तेल बदलूनच बाहेर काढावी लागते. तेव्हा 'जळलंय' हे निदान चुकीचे, पण 'बदला' हा उपचार योग्य, अशी ही मामांची नेहमीची लय आहे.

कंपन्यांविषयी त्यांची मते राजकीय मतांइतकीच पक्की आहेत. सर्वो, मॅक आणि एचपी ही सरकारी तेल कंपन्यांची तेले 'आपली', म्हणून विश्वासाची. बाहेरच्या नावांची चांगली असतील, पण डबा खरा असेल तर. कॅस्ट्रॉलच्या पूर्वजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या तेलात एरंडेल मिसळले होते आणि तेथूनच ते नाव आले, हे त्यांना कोणीतरी सांगितल्यापासून त्या कंपनीकडे ते थोड्या आपुलकीने पाहू लागले. बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालणाऱ्या आजोबांचे शास्त्र विलायतेनेही स्वीकारले होते, असे ते आता सांगतात. बनावट तेलाबाबतचा त्यांचा इशारा मात्र अक्षरशः पाळण्याजोगा आहे: रिकामा डबा मिस्तरीकडे तसाच सोडू नये, भोक पाडूनच टाकावा, कारण तोच डबा भरून पुन्हा विक्रीला येतो. निघालेले काळे तेल मात्र ते कोणाला टाकू देत नाहीत. ते गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी, बैलगाडीच्या आखाला आणि मोटारसायकलच्या साखळीला लावले जाते. साखळीला ते लावू नये, कारण त्यातील काजळी आणि धातूचा चुरा साखळी घासून काढतो, हे मिस्तरीला माहीत आहे, पण साखळी विकणे हाही त्याचा व्यवसाय आहे.

एका बाबतीत मात्र तेलपारखी कोणत्याही अभियंत्यापेक्षा श्रेष्ठ ठरतो, आणि ती बाब म्हणजे पातळी. चुकीच्या आकड्याच्या तेलाने गाडी मेल्याचे उदाहरण शोधावे लागते. तेल संपल्यामुळे मेलेल्या गाड्या गॅरेजच्या मागे रांगेने उभ्या असतात. शंभर सीसीच्या गाडीत तेल मावते जेमतेम ९०० मिलीलिटर ते एक लिटर, जुन्या झिजलेल्या इंजिनात ते पिस्टनच्या कड्यांमधून वर जाऊन थोडे थोडे जळते, पुस्तिकेत ६,००० किलोमीटरला तेल बदला आणि मध्ये पातळी तपासून भर घाला असे सांगितलेले असताना यातला पहिला भाग लोकांच्या लक्षात राहतो आणि दुसरा राहत नाही, आणि मग एके दिवशी शहागडच्या पुलावर इंजिन आवळून बसते. टूटीच्या काळातला तो जुना धाक मामांना इथे उपयोगी पडतो. काडी पाहायची तर गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी हवी, यावर ते कमालीचे कडक आहेत. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेल त्या बाजूला जाते, उजवीकडची काडी कोरडी दिसते, आणि मालक घाबरून जास्त तेल ओततो. जास्त झालेले तेल आत घुसळले जाऊन फेसाळते आणि गाडी विनाकारण गरम होते. काडी आट्यांवर फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवून काढायची, हा हीरो-होंडाच्या पुस्तिकेतला बारकावा मामांना पुस्तिका न वाचता कसा कळला, हे एक गूढच आहे. 'आधी बघ, मग विचार,' हे ते प्रत्येक भाच्याला ऐकवतात, आणि पाच-पंचवीस गाड्यांचे इंजिन वर्षाकाठी या एका वाक्याने वाचते.

मामांच्या स्वतःच्या गाडीत कोणते तेल असते, हा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारत नाही. लोक तेल आणतात ते एक लिटरच्या डब्यात. स्प्लेंडरमध्ये त्यातले ९०० मिलीलिटर जाते आणि तळाशी शंभर मिलीलिटर उरते, जे घरी नेण्याइतके जास्त नसते आणि फेकण्याइतके कमी नसते. हे उरलेले तेल सल्ल्याची अलिखित फी म्हणून बादलीशेजारच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत जमा होते. दहा गाड्या झाल्या की लिटर भरते, ज्यात चार भाग १०डब्ल्यू-३०, तीन भाग २०डब्ल्यू-५०, दोन भाग ट्रॅक्टरचे पंधरा-चाळीस आणि एक भाग त्या पल्सरवाल्या तरुणाचे महागडे सिंथेटिक असते. सरकारी आणि विलायती त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. तेलांना दर्जाचे प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी 'एपीआय' पद्धतीत एक तेल दुसऱ्यात मिसळल्यावर फाटू नये अशी चाचणीच असल्यामुळे यात शास्त्राचा फारसा भंगही होत नाही. हे मिश्रण मामांच्या सीडी-१०० मध्ये जाते, आणि पातळी रोज सकाळी तपासली जात असल्यामुळे ती गाडी अजून एका किकमध्ये सुरू होते. तेवढ्यावरून लोक त्यांना विचारायला येतात की मामा, तुम्ही कोणतं टाकता, आणि मामा चष्मा काढून, डोळे मिटून, गंभीरपणे सांगतात, "जाड."